घोंगड्यातला गोली

“मालनताई, हे बघा! सोनं आणलंय सोनं!”

रणधीर वडणगेकर दुकानाच्या पायरीवर चपला काढत होता आणि त्याच्या काखेत जुन्या धोतरात बांधलेलं भलंमोठं गाठोडं होतं. आमच्या दुकानात सगळेच चपला बाहेर काढतात. फ्रेमचं दुकान, भिंतीभर अंबाबाई, जोतिबा आणि लोकांचे गेलेले आजी-आजोबा. एवढ्या सगळ्यांसमोर चपला घालून उभं राहायचं गिऱ्हाइकांच्याच जिवावर येतं.

त्यानं गाठोडं टेबलावर सोडलं. आत जाड पांढऱ्या कार्डांवर काळ्या शाईनं काढलेली चित्रं होती. पैलवान, सायकलवाले, फुटबॉलवाले. डोकी परातीएवढी आणि खाली धड एवढुसं. तरी चेहरा बघितला की नाव तोंडात यायचं. नाना जिरग्यांचा हात मी लगेच ओळखला. ‘दैनिक शिलेदार’मध्ये दर सोमवारी खेळाच्या पानावर त्यांचं अर्कचित्र यायचं आणि लोक आधी ते बघायचे, मग बातमी वाचायचे. पुढं पेपर बंद पडला, नानाही गेले.

“नानांच्या सुनेनं माळ्यावर टाकलीती. बावीस हाईत. छापल्याली न्हवं, अस्सल हातानं काढल्याली,” रणधीर म्हणाला. “आमच्या हॉटेलात दारापासनं आतपर्यंत नुसती हीच लावायची. पुण्या-मुंबईची माणसं असल्या चित्रांवर जीव टाकायल्यात. पैलवानाच्या नाकाखाली बसायचं आणि तांबडा-पांढरा वरपायचा. नाद खुळा हुतंय का न्हाई?”

त्याच्या हॉटेलचं नाव ‘मैदान’. उद्घाटनाला नऊ दिवस राहिले होते.

“देतो की करून,” मी म्हणाले. आम्ही कोल्हापूरच्या बायका ‘देतो’, ‘येतो’ असंच बोलतो. बाहेरच्यांनी हसायचं काम नाही.

“आणि ती ठिगळं तेवढी बघा. लई घाण दिसालीत.”

ती ठिगळं म्हणजे चिप्प्या. पेपरात चित्र छापायचं तर आधी त्याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करायला लागायचा. नानांची काही चूक झाली की ते तेवढ्या जागेवर कागदाचा तुकडा चिकटवायचे आणि त्याच्यावर पुन्हा काढायचे. ब्लॉकमध्ये कागदाची कड उमटत नसे, त्यामुळे वाचणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. पण इतक्या वर्षांत डिंक तपकिरी पडून चिप्प्यांच्या कडा वर आल्या होत्या. त्या ओल्या टीपकागदानं भिजवून काढायच्या, साफ करून परत जागच्या जागी बसवायच्या. एवढंच काम होतं.

“आणि कॅप्टनसायब,” रणधीर कोपऱ्याकडं वळून म्हणाला, “उद्घाटनाला तुमचा सत्कार हाय. फेटा बांधून यायचं.”

कोपऱ्यात आबा काच कापत होते. आबा म्हणजे माझे वडील, गणपतराव मिठारी. आमच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमचे ते सात वर्षं कॅप्टन होते. सदुसष्ट वय झालं तरी पेठेत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, सगळे कॅप्टनच म्हणत. मला लोक ‘कॅप्टनची पोरगी’ म्हणायचे. नवरा वारल्यावर मी माहेरी येऊन दुकानात बसले, तेव्हाही गिऱ्हाईक आलं ते त्या नावावर. खोटं कशाला सांगू, मला त्याचा माज होता.

“आणि हे बघा,” रणधीरनं एक चित्र वर धरलं, “हे दारातच. पयलं. आत येतानाच माणूस हसला पायजे.”

गोलपोस्टच्या मधोमध एक खाट. खाटेवर गळ्यापर्यंत घोंगडं ओढून एक माणूस तोंड उघडं टाकून झोपलाय, आणि खाटेखालून बॉल हळूच गोलात चाललाय. खाली नानांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘जरा झोपू द्या की!’ घोंगड्याबाहेर आलेला तेवढा चेहरा बंडाकाकांचा होता.

आबांच्या हातातली काच वाकडी तडकली. “आज हिरा बोथट झालाय,” काच कापायच्या हत्याराकडं बघत ते पुटपुटले आणि दुसरी काच घेतली.

ते चित्र ज्या मॅचचं, ती मी बघितली होती. चौऱ्याहत्तर सालची फायनल. मी दहा वर्षांची होते आणि चुलत्याबरोबर गॅलरीत बसले होते. बरोबरी झालेली, दोन मिनिटं राहिलेली. पलीकडच्या पेठेच्या पोरानं लांबून एक बॉल सोडला. जोर नव्हता त्याला. आमचा गोली बंडा निगवेकर, पंचवीस वर्षांचा उमदा पोरगा, पुढं आला, वाकला आणि एकाएकी सरळ उभा राहिला. हात खाली सोडून! बॉल त्याच्या नि आबांच्या मधनं निघून गेला. गॅलरीतली माणसं उठून उभी राहिली. मग जो शिव्यांचा भडका उडाला तो अजून माझ्या कानांत आहे.

सोमवारी ‘शिलेदार’मध्ये हे चित्र आलं. झालं! त्या दिवसापासून बंडा निगवेकर मेला आणि ‘घोंगडं’ जन्माला आलं. “ए घोंगडं, उठलास का?” भाजीवाल्यानं म्हणायचं, न्हाव्यानं म्हणायचं. त्यांच्या लग्नात पोरांनी वरातीत घोंगडं पांघरून नाच केला आणि नवरीच्या ओटीत तेच घातलं. तालमीनं त्यांना टीममधून काढलं. काढलं असं कुणी म्हणालं नाही, पुढच्या सीझनला नुसतं बोलावलं नाही. बंडाकाका परत कधी स्टेडियमकडं फिरकले नाहीत. आणि मी? मीही ते चित्र बघून पोट धरून हसले होते. आबांना दाखवायला धावत गेले तर त्यांनी पेपर हिसकावून घेतला होता. माझा बाप किती मोठ्या मनाचा, असं मला तेव्हा वाटलं होतं.

कारण पेठेत एकट्या आबांनी बंडाकाकांना कधी घोंगडं म्हटलं नाही. आणि बंडाकाका रोज साडेपाचला एसटीच्या वर्कशॉपमधून सुटले की आमच्या दुकानात यायचे. काचांच्या रॅकजवळ एक स्टूल होतं, त्यावर बसायचे. आबा चहा मागवायचे. दोघं फारसं बोलायचे नाहीत. अर्धा तास बसून “बरं कॅप्टन, येतो,” म्हणून जायचे. पुढं रिटायर झाले तरी वेळ तीच. पस्तीस वर्षं! दोस्ती असावी तर अशी, म्हणून मी लोकांना कौतुकानं सांगायची.

त्या दिवशी ते आले आणि स्टुलावर बसलेच नाहीत. टेबलाजवळ उभे राहिले.

“मालन, नानांची चित्रं आल्यात म्हणं. माझं हाय का गं त्यात?”

मी मान हलवली.

“कुठं लावणार?”

“दारात, काका.”

त्यांनी टोपी काढली, परत घातली. “आत्ता कुठं लोक इसरल्यात बघ. नवीन पोरं काका म्हणत्यात. नात परवा विचारालती, आजोबा, तुम्ही कुठं खेळायचा. एक्ष्ट्रा हुतो म्हणून सांगितलं.” ते हसायला गेले, पण जमलं नाही. “काढता ईल का? एकवीस लावू दे की त्याला. एकाचं काय एवढं?”

“काढतो काका. रणधीरशी बोलतो.”

“बोल हां.” मग ते आबांकडं वळले. “कॅप्टन, तुम्ही बी सांगा की. तुमचं ऐकंल त्यो.”

“हां. सांगतो,” आबा म्हणाले. वर न बघता म्हणाले.

मी फोन केला तर रणधीर हसायलाच लागला. “काय ताई! तीच तर खरी मजा हाय. बाकीचे नुसते पैलवान हो, फोटो काढायला लोक ह्याच्यासमोरच उभारणार!” आबांनी फोन केला का, ते मी विचारलं नाही.

पहिले दोन दिवस बाकीच्या चिप्प्यांत गेले. मजा यायची, खरंच. एका पैलवानाच्या पंज्यावरची चिप्पी काढली तर खाली सहा बोटं! एका सायकलवाल्याच्या नावात घोळ झालेला. नानांसारखा माणूसही चुकायचा हे बघून बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी बंडाकाकांचं चित्र घेतलं. त्यावर एकच चिप्पी होती, अगदी चेहऱ्यावर. नाक चुकलं असेल, दुसरं काय! टीपकागद भिजवून ठेवला, दहा मिनिटांनी पातळ सुरी कडेखाली सरकवली.

चिप्पी अख्खी सुटून हातात आली आणि मी आधी तिची मागची बाजू बघितली, सवयीनं. तिथं तपकिरी डिंक नव्हता. हिरवट झाक होती.

तसली झाक मी जन्मापासून बघत आलेय. आमच्या दुकानात चिकटवायला मैद्याची खळ करतात आणि कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात. आबांचा हात मोरचुदाला जरा सैल, त्यामुळे त्यांनी चिकटवलेल्या कागदाला वर्षानुवर्षांनी असा हिरवा रंग चढतो. नानांची बाकीची एकही चिप्पी अशी नव्हती. ही आमच्या दुकानात बसवलेली होती.

मग मी खाली चित्राकडं बघितलं.

घोंगडं तेच, खाट तीच. पण घोंगड्याबाहेर ब्रशासारख्या जाड भुवया होत्या, वर पिळलेल्या मिशा होत्या, हनुवटीवर चामखीळ होती. तोंड उघडं टाकून माझे आबा झोपले होते.

 दुकानात आम्ही दोघंच होतो. आबा फ्रेमच्या पट्ट्या रंगवत होते.

“आबा.”

“हं?”

“इकडं या जरा.”

ते आले. हात पुसत पुसत आले, आणि टेबलावर नजर गेल्यावर पुसायचे थांबले.  मग खुर्ची ओढून बसले.

“चिकटव परत,” म्हणाले.

“आबा, हे काय हाय?”

“चिकटव म्हणतो न्हवं?”

“आधी सांगा.”

त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय फार म्हातारे दिसायचे.

“बंडा घेणार हुता बॉल,” ते म्हणाले. “वाकला बी हुता. मीच मागनं ओरडलो, ‘सोड, माझा!’ गोलीनं कॅप्टनचं ऐकायचं असतंय. त्यानं सोडला. आणि माझा पाय… पोचलाच न्हाई गं. एवढं गॅलरीला कुठनं कळणार? त्यांना दिसला बंडा, हात सोडून उभारल्याला.”

“आणि नाना?”

“नाना गोलाच्या मागंच स्टूल टाकून बसायचा, चित्रं काढायला. त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिशी संध्याकाळी हे घेऊन हितंच आला. म्हणाला, गणपा, उद्या हे छापणार, आधी तुला दाखवतो. लई हातापाया पडलो मी त्याच्या. तालमीचं हसं हुईल म्हटलं. कॅप्टन हाय मी, फुडचा सीझन हाय. शेवटी त्यानं कागदाच्या तुकड्यावर बंडाचं तोंड काढून दिलं. पण चिकटवंना. म्हणाला, मी न्हाई लावणार, तुझ्या हातानं लाव.”

“आणि तुम्ही लावलं.”

“सातला ब्लॉक जायचा हुता.”

हे उत्तर ऐकून मला त्यांच्या अंगावर खळीचं भांडं फेकावंसं वाटलं. सातला ब्लॉक जायचा होता!

“आणि पस्तीस वर्षं? पस्तीस वर्षांत एकदा बी बोलायला झालं न्हाई तुम्हाला? रोज येऊन बसतोय तो माणूस तुमच्यासमोर!”

“मला वाटलं, चार दिवसांत इसरतील लोक,” आबा म्हणाले. “पेपरातलं चित्र ते, मालन. दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधत्यात. चार दिवस हसतील आणि सोडतील. मग सांगू त्याला, माफी मागू. पण लोक सोडीनातच. मग जेवढं लांबलं तेवढं सांगायचं अवघड झालं.”

“बंडाकाकांना म्हाईत हाय?”

“हाक मीच मारलीती एवढं म्हाईत हाय त्याला. ह्या चिप्पीचं न्हाई.”

“मग ते कुणाला बोलले कसं न्हाईत?”

“तालमीतलं भाईर बोलायचं नसतंय. कॅप्टनच्या वर तर न्हाईच.” आबांनी चष्मा परत लावला. “त्यानं वाट बघितली आसंल. मी बोलीन म्हणून.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते स्टूल. तो चहा. साडेपाचची वेळ. दोस्ती कसली डोंबलाची! तो माणूस पस्तीस वर्षं रोज अर्धा तास येऊन बसत होता, आज तरी कॅप्टन तोंड उघडेल म्हणून.

“आता सांगा,” मी म्हणाले. “अजून सहा दिवस हाईत. हे असंच उघडं लावू. नानांनी काढलं तसं.”

“आणि माझा सत्कार? फेटा बांधून ह्याच्याच फुडं उभारू?” ते खुर्चीतून उठले. “ह्या वयात नगं गं पोरी. मी गेल्यावर काय करायचं ते कर. आता चिकटव. तुझ्या पाया पडतो.”

आणि ते खरंच वाकले. माझा बाप, पेठेचा कॅप्टन, टेबलाच्या कडेला धरून माझ्यासमोर वाकला. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

मी काय करायला हवं होतं ते मला आज पक्कं माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. पण मी खळ शिजवली. मैदा, पाणी, मोरचूद. साडेपाच वाजत आले होते आणि माझे हात भराभर चालत होते. चिप्पीला मागून खळ लावली, आबांच्या मिशांवर बंडाकाकांचं तोंड ठेवलं आणि कापडानं दाबून दाबून बसवलं. कड सुद्धा दिसणार नाही अशी. काम फार सुबक झालं होतं.

कापड बाजूला ठेवते तोच पायरीवर चपला वाजल्या.

“मालन, बोललीस का रणधीरशी?” बंडाकाका आत येत म्हणाले.

“बोललो काका. न्हाई म्हणतोय तो.”

ते टेबलाजवळ आले. चित्र समोरच पडलं होतं. इतक्या वर्षांनी त्यांनी ते पहिल्यांदा जवळून बघितलं असणार. चेहऱ्याच्या जागी कागद अजून ओला होता. त्यांनी बोट पुढं केलं, चिप्पीच्या कडेला टेकवलं. बोटाला खळ लागली.

“हे चिकटवल्यालं हाय?”

“होय. नाना चुकले की चिप्पी लावायचे.”

“खाली काय हुतं गं?”

आबा भिंतीकडं तोंड करून पट्टी रंगवत होते. रंगवून झालेली पट्टी.

“काय न्हाई काका,” मी म्हणाले. “शाई सांडलीती.”

बंडाकाकांनी माझ्याकडं बघितलं. मग आबांच्या पाठीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, आबा वळा, एकदा मागं वळा. आबा वळले नाहीत.

बंडाकाकांनी बोटाची खळ रुमालाला पुसली.

“चांगली बसवलीस,” ते मला म्हणाले. “आता न्हाई निघायची.”

आणि ते गेले. चहा न घेता. “बरं कॅप्टन, येतो,” हेही म्हणाले नाहीत. त्या दिवसानंतर ते परत कधी आमच्या दुकानात आले नाहीत.

उद्घाटन दणक्यात झालं. आबांना फेटा बांधला, शाल घातली. लोक दारातच थांबायचे, चित्र बघून खदाखदा हसायचे, त्याच्याशेजारी तोंड वासून, डोळे मिटून फोटो काढून घ्यायचे. हे कोण म्हणून पोरं विचारायची आणि म्हातारे रंगवून रंगवून सांगायचे. आठ दिवसांत पेठेतली शेंबडी पोरं बंडाकाकांना ‘घोंगडंकाका’ म्हणायला लागली. त्यांच्या आईबापांनीही कधी ती मॅच बघितली नव्हती. बंडाकाका बाहेर पडायचे बंद झाले. त्यांच्या नातीनं आजोबांना काय विचारलं असेल ह्याचा विचार मी करायचीच नाही. करायला लागले की खळ करपायची.

जानेवारीत ते गेले. झोपेतच, अटॅकनं.

सकाळी आम्ही गेलो. अंगणात तिरडी बांधून तयार होती. थंडी मरणाची होती. अंगावर घालायला कुणीतरी शाल आणायला आत गेलं, तेवढ्यात मागच्या गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, “शाल कशाला? घोंगडं घाला की.”

दोघं-तिघं हसले. तोंडावर हात धरून, पण हसले. हिराकाकी, त्यांची बायको, दारात बसली होती. तिनं मान वर केली आणि कोण म्हणालं ते बघितलं नाही. तिनं माझ्या बापाकडं बघितलं. म्हणजे तिला ठाऊक होतं. तालमीतलं बाहेर बोलायचं नसतं, पण बायकोला एवढं तरी सांगितलं होतं काकांनी.

आबा खांदा द्यायला पुढं झाले. मी मागच्या मागं निघाले ती सरळ हॉटेलात गेले. शटर नुकतंच वर झालं होतं. काचेला आतून बुरशी आलीय म्हणून सांगितलं, फ्रेम उतरवली आणि रिक्षात घालून दुकानात आणली.

आबा घाटावरून आले तेव्हा मी टीपकागद भिजवत होते. अंघोळ न करताच ते पायरीवर उभे राहिले.

“मी म्हटलंतं, मी गेल्यावर,” ते म्हणाले.

“चुकून ते आधी गेले,” मी म्हणाले.

ते आत आले. माझ्या हातातला टीपकागद घ्यायला हात पुढं केला. “दे. माझ्या हातचं हाय ते. मीच काढतो.”

“न्हाई आबा. तुमच्या हातची चिप्पी तवाच निघाली. ही माझ्या हातची हाय.”

मी चिप्पी काढली. संध्याकाळी फ्रेम परत त्याच खिळ्याला लावली आणि रणधीरला सगळं सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकून घेईल, हादरेल, असं मला वाटलं होतं. त्यानं डोळे मोठे केले आणि टेबलावर थाप मारली. “आयला! म्हणजे आपला कॅप्टनच झोपला हुता व्हय?”

पेठेत बोंब झाली. आबांना लोक हसले. “काय कॅप्टन, झोप लागती का?” न्हावी म्हणाला. “सोड, माझा!” अशी हाळी एकदोघांनी रस्त्यात मारली. आबा खाली मान घालून जायचे. शुक्रवारी हसले, शनिवारी हसले, रविवारी, सोमवारी. मंगळवारी दुसरं काहीतरी निघालं, कुणाची तरी म्हैस गटारात पडली, आणि लोक तिकडं गेले. बुधवारी तालमीची चार पोरं दुकानात आली. येत्या स्पर्धेत फायनलला टॉस उडवायला कॅप्टनसायबांनी यायचं, म्हणाली. आबांनी नाही म्हणून मान हलवली आणि साडेपाचला काचांच्या रॅकसमोर जाऊन बसले. स्टुलावर नाही, त्याच्या समोर. पुढं दोन वर्षं जगले, रोज तिथंच बसायचे. चहा मात्र मागवायचे नाहीत.

तेराव्यानंतर मी हिराकाकींकडं गेले. त्या अंगणात उन्हाला बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. शाई सांडलीती म्हणाले तेही. मग पाकिटातून चिप्पी काढून त्यांच्यापुढं धरली. दोन बोटांएवढा कागद, त्यावर डोळे मिटलेला, पंचवीस वर्षांचा बंडा निगवेकर.

त्यांनी बघितली. हातात घेतली नाही.

“ठेव तुझ्याकडंच,” म्हणाल्या. “तुझ्या हातची हाय.”

ती अजून आहे. सोळा वर्षं झाली, दुकानातल्या खणात हिऱ्याच्या डबीशेजारी आहे.

मला तिथून उठवेना. काहीतरी द्यायला हवं होतं आणि माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

“काकी, पण आता सगळ्यांना कळलं,” मी म्हणाले. “काकांचा दोष नव्हता हे कळलं. आबांना हसले लोक. चांगले चार दिवस हसले.”

हिराकाकींचा हात सुपात थांबला.

“चारच?” त्या म्हणाल्या.

आणि खडा काढून बाजूला टाकून त्या पुढचे तांदूळ निवडायला लागल्या.